सासुरवाडीच्या फाट्यावरचा बर्फ

१६ डिसेंबर २०२४, सोमवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी निमगाव केतकी येथे युनूस तांबोळी यांच्या गाडीत पुढच्या आसनावर बसलो. वेळ नेमकी आठवते, कारण गाडीतील घड्याळ बंद होते आणि मागे बसलेल्या त्यांच्या पत्नी रशिदाबी हातातल्या मोबाइलवर पाहून दर मिनिटाला ती मोठ्याने सांगत होत्या.

रशिदाबींच्या एका बाजूला उपिटाचे मोठे पातेले होते, दुसऱ्या बाजूला चहाची टाकी आणि पायांशी कपांची टोपली. हा सारा ऐवज सातच्या भोंग्याआधी लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोचवायचा होता. नाश्त्याचे हे कंत्राट रशिदाबींनी स्वतः मिळवले होते आणि घर त्याच्यावर चालत होते. हिवाळा सुरू झाल्यापासून त्यांना वरचेवर उशीर होत होता. कँटीनच्या इनचार्जने आदल्या आठवड्यात स्पष्ट सांगितले होते की, असेच चालले तर दुसरा माणूस पाहावा लागेल.

उशिराचे कारण गाडी होती.

गाडीच्या कंपनीचे नाव मी लिहीत नाही. छोटी, पांढरी, कार्बोरेटरची आणि एके काळी तालुक्यातील प्रत्येक डॉक्टरच्या दारात उभी असलेली, एवढ्यावरून वाचकांनी ओळखावी. अशा गाड्या दुरुस्त करण्यात माझी उमर गेली. बारामतीत माझे गॅरेज होते. आता त्या जागेत मोबाइलची कव्हरे विकतात. दुकान चांगले चालते, असे ऐकतो. गॅरेज बंद केले तेव्हा हत्यारे विकली, भंगार भंगारवाल्याला दिले आणि एक पक्कड तेवढी ठेवली. ती का ठेवली, हे घरच्यांनी विचारले होते.

युनूसभाई शनिवारी माझ्याकडे जळोचीला आले ते याच गाडीतून आले. दारात गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवले आणि म्हणाले, "आबा, गाडी बंद पडती."

इंजिनाचा आवाज स्वच्छ होता. मी तसे सांगितले.

"आत्ता न्हाय पडत. सकाळची पडती. आन् पडती ती एकाच जागी."

ती जागा कोणती, हे सांगताना त्यांचा आवाज खाली आला. लोणी देवकरच्या वाटेवर कालव्याचा पूल ओलांडला की उजवीकडे एक फाटा लागतो. तो फाटा त्यांच्या सासुरवाडीला जातो. गाडी रोज त्या फाट्यावर येऊन थांबत असे आणि गाडी मुळात त्यांच्या मेहुण्याकडून, म्हणजे रशिदाबींच्या भावाकडून, घेतलेली होती. युनूसभाईंच्या मते गाडीला जुन्या घरी जायचे होते. रशिदाबींच्या मते गाडीला चालवणारा पसंत नव्हता. या दोन मतांवर त्या घरात महिनाभर चर्चा चालली होती.

मी विचारले की, थांबलेली गाडी पुन्हा चालू कशी होते?

युनूसभाईंनी इकडेतिकडे पाहिले. "मेव्हण्याला फोन लावावा लागतो."

त्यांनी समजावून सांगितले. पहिल्यांदा गाडी बंद पडली, तेव्हा मदतीसाठी त्यांनी मेहुण्याला फोन लावला होता. मेहुणा झोपेत होता. त्याची खुशाली झाली, पोराबाळांची झाली, म्हशीची झाली. बोलणे संपवून किल्ली फिरवली, तर गाडी पहिल्या झटक्याला चालू. दुसऱ्या दिवशी चिडून फोन केला नाही आणि लगेच किल्ली फिरवत बसले, तर गाडी हलेना. अखेर फोन केला. म्हशीपर्यंत बोलणे आले आणि गाडी चालू. तेव्हापासून ते गाडी थांबली की मुकाट फोन लावत. मेहुण्याला वाटे, बहिणीच्या नवऱ्याला आपली फार माया आहे. तोही आता सव्वासहालाच उठून बसत असे.

या काळात इंदापूर आणि बारामती दोन्हीकडच्या मेस्त्रींनी गाडी पाहिली होती. प्लग, पॉइंट, कॉइल, इंजिनाजवळचा पेट्रोलपंप एवढे बदलून झाले होते. टाकी धुतली होती. पेट्रोल दुसऱ्या पंपावरून भरून पाहिले होते. पुढे लिंबूमिरची बांधून झाली होती आणि आरशाला ताईतही बांधून झाला होता. त्या बाबतीत युनूसभाईंनी भेदभाव केला नाही. बदलायचा राहिला होता तो फक्त ड्रायव्हर, असे रशिदाबींचे म्हणणे त्यांनी स्वतःच मला सांगितले. तो माणूस मनाने मोकळा आहे.

कोणत्याही मेस्त्रीकडे गाडी नेईपर्यंत दहा वाजत, ऊन पडे आणि गाडीत काही सापडत नसे. आमच्या धंद्यातली सर्वांत मोठी अडचण हीच आहे. रोगी वैद्यासमोर आला की त्याला काही होत नसते. पूर्वी बारामतीत एका वकिलांच्या गाडीतला आवाज फक्त त्यांच्या पत्नीला ऐकू येत असे. वकीलसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले की, मेस्त्री, काही नाही, दोन बोल्ट घट्ट केल्यासारखे करा. मी त्यांना मागे बसवले, बाईंना त्यांच्या नेहमीच्या जागी बसवले आणि माळेगावपर्यंत गाडी नेली. आवाज होता. बाईंच्या बाजूच्या पुढच्या चाकाचे बेअरिंग गेले होते. गाडी चालवताना वकीलसाहेब स्वतःच अखंड बोलत असल्यामुळे त्यांना तो ऐकू येण्याचा संभव नव्हता. तेव्हापासून माझा नियम आहे. बिघाड जेथे आणि जेव्हा होतो, तेथे आणि तेव्हा जाऊन बसावे.

म्हणून मी सोमवारी पहिल्या एसटीने निमगाव केतकीला गेलो.

गाडी सुरू व्हायला त्रास झाला नाही. चोक ओढला, इंजिन लागले. गावाबाहेर पडलो आणि धुके सुरू झाले. त्या भागात दोन्ही बाजूंना भिजवलेला ऊस, मध्ये कालवा आणि पलीकडे धरणाच्या फुगवट्याचे पाणी. डिसेंबरात पहाटे तेथे धुके इतके दाट असते की काचेवर वायपर लावावे लागतात. थंडीही बरीच होती. युनूसभाईंनी कानाला मफलर गुंडाळला होता आणि ते मला मेहुण्याच्या म्हशीविषयी माहिती देत होते.

पुलाच्या अलीकडे इंजिनाचा आवाज बदलला. ज्याने आयुष्यभर तो ऐकला आहे, त्यालाच कळावा इतकाच बदल होता. इंजिनाला श्वास पुरेनासा झाला होता. युनूसभाईंनी पाय दाबला. गाडीने वेग घेतला नाही. पूल ओलांडला, फाटा आला आणि गाडी थांबली.

"बघा," युनूसभाई म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःखापेक्षा समाधान अधिक होते. त्यांनी खिशातून फोन काढला.

"फोन ठेवा," मी म्हणालो.

"आबा, त्याबिगर न्हाय चालू व्हायची."

"ठेवा."

मागून रशिदाबींनी वेळ सांगितली.

मी उतरलो, बॉनेट उघडले, एअर क्लीनरचे झाकण काढून आत बॅटरी मारली आणि थोडा वेळ पाहत राहिलो. कार्बोरेटरच्या घशात पांढरा थर जमला होता. मी बोट लावले. बोटाला गार लागले आणि थर विरघळला. तो बर्फ होता. इंदापूर तालुक्यात, उसाच्या फडाशेजारी, गाडीच्या इंजिनात मी बर्फ पाहत होतो. पुस्तकात हे वाचले होते. इतकी वर्षे काम करून डोळ्यांनी पाहिले नव्हते.

युनूसभाई वाकून बघत होते. त्यांनी विचारले, "ह्ये मीठ हाय का?"

"बर्फ आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग सासुरवाडीच्या रस्त्याकडे पाहिले. त्यांचा संशय अजून तिकडेच होता.

जे या धंद्यातले नाहीत, त्यांच्यासाठी सांगतो. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होऊन ती हवेत मिसळते. वाफ होताना पेट्रोल आजूबाजूची ऊब ओढून घेते. दवाखान्यात सुई टोचण्याआधी परिचारिका दंडाला स्पिरिट लावते, तेथे जसे गार वाटते, तसेच हे आहे. हवा आधीच थंड आणि दमट असेल, तर त्या गारव्याने हवेतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि घसा बंद होतो. इंजिन गुदमरून थांबते. थांबले की इंजिनाची स्वतःची उष्णता वर चढते, पाव तासात बर्फ वितळतो आणि गाडी काही झालेच नाही अशी चालू लागते. मेहुण्याशी खुशालीचे बोलणे साधारण तेवढाच वेळ चालत असे. म्हशीचा यात काही भाग नव्हता. आणि फाट्याचे म्हणाल, तर घरापासून निघून बर्फ पुरता जमायला जेवढे अंतर लागते, तेवढ्या अंतरावर पुलाजवळचा सखल भाग होता. धुके तेथेच सर्वांत दाट होते. त्यापुढे रस्ता चढतो आणि मोकळा होतो.

हे सारे त्या वेळी सांगायला सवड नव्हती. पाव तास थांबलो असतो, तर भोंगा चुकला असता. मला काहीतरी गरम हवे होते. मी मागचे दार उघडले. उपिटाच्या पातेल्यावर ओले जाड फडके घट्ट बांधलेले होते आणि त्यातून वाफ येत होती.

"ते फडके द्या," मी म्हणालो.

"उपीट गार व्हईल," रशिदाबी म्हणाल्या. "गार माल त्ये परत पाठवत्यात."

"नाही दिले, तर उपीट गरम राहील आणि येथेच राहील."

त्यांनी क्षणभर विचार केला. मग फडके सोडून माझ्या हातात दिले, अंगावरची शाल पातेल्याच्या झाकणावर पसरली आणि दोन्ही हातांनी पातेल्याला मिठी मारून बसल्या. मी पुढे जाऊन ते फडके कार्बोरेटरभोवती गुंडाळले आणि दाबून धरले. इंजिनातून मोहरी-कढीपत्त्याचा वास येऊ लागला. एक दूधवाला मोटरसायकल थांबवून विचारू लागला की, गाडी आजारी आहे का? युनूसभाई त्याला म्हणाले, "व्हय, शेक देतोय." मी त्यांना गाडीत बसायला सांगितले.

फडके निवायच्या आत किल्ली फिरवली. गाडी चालू झाली. युनूसभाईंच्या महिनाभराच्या श्रद्धेला धक्का बसला होता.

आम्ही कारखान्याच्या गेटात शिरलो तेव्हा भोंगा वाजत होता. वाजून संपला नव्हता, असे युनूसभाईंचे म्हणणे. सुरू झाला होता, असे इनचार्जचे. हे इनचार्ज तरुण आणि नीटनेटके गृहस्थ होते. त्यांनी पातेल्याला हात लावून पाहिला, उपीट गरम आहे हे मान्य केले आणि झाकणावर फडक्याऐवजी शाल का, असे विचारले. फडक्याला पेट्रोलचा वास लागला होता, म्हणून ते डिकीत होते. रशिदाबी म्हणाल्या, "थंडी लई हाय, साहेब."

इनचार्जना हसू आले असावे, पण त्यांनी ते दाखवले नाही. त्यांनी सांगितले की, उद्या पुण्याहून वरिष्ठ येणार आहेत आणि ते भोंग्याआधी कँटीन पाहणार आहेत. उद्या गाडी वेळेत आली नाही, तर परवापासून येण्याची तसदी घेऊ नये. ते रागाने बोलले नाहीत. त्यामुळे ते खरे होते.

परतताना ऊन पडले होते. फाट्यावर गाडी थांबली नाही. युनूसभाईंनी एक तोडगा सुचवला की, रोज एक फडके जादा घेऊ आणि फाट्यावर शेक देऊ. मी म्हणालो, "गाडी नीट करता येते. तिची शुश्रूषा करायची नसते."

घरी येताच मी बॉनेट पुन्हा उघडले आणि जे शोधत होतो, ते तेथे नव्हते.

गाडी बनवणाऱ्यांनी या बर्फाचा विचार करून ठेवलेला असतो. इंजिनातून जळका धूर ज्या लोखंडी नळातून बाहेर पडतो, तो सतत तापलेला असतो. त्याच्यावर पत्र्याचे एक टोपण बसवलेले असते. त्या टोपणातली गरम हवा एका लवचिक, वळ्यावळ्यांच्या नळीने एअर क्लीनरच्या तोंडाशी आणतात. थंडीत इंजिनाने ही ऊबदार हवा घ्यावी आणि उन्हाळ्यात बाहेरची घ्यावी, यासाठी तेथे एक झडप असते. तिला छोटा दांडा असतो, तो इकडे केला की हिवाळा, तिकडे केला की उन्हाळा. युनूसभाईंच्या गाडीत टोपण होते, झडप होती. मधली नळी नव्हती.

हे नवल नव्हते. आमच्या भागात ही नळी कोणत्याच गाडीत टिकत नसे. येथे आठ महिने ऊन, तेव्हा गरम हवेचे काय काम, असे म्हणून मेस्त्री ती पहिल्याच सर्व्हिसिंगला काढून टाकत. शिवाय काही काढल्याशिवाय मेस्त्रीने काम केले, असे गिऱ्हाइकाला वाटत नसे. आणि आमची एक रीत होती. काढलेली वस्तू टाकायची नाही, गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. वस्तू बदलली याचा तो पुरावा. ही रीत प्रामाणिकपणाची होती. तिच्यामुळे बारामती-इंदापूर पट्ट्यातील घराघरांत गाड्यांचे अवयव पसरले. मी पिस्टनचे पेपरवेट पाहिले आहेत. हेडलाइटच्या काचेत कोंबड्यांना पाणी दिलेले पाहिले आहे.

माझ्या गॅरेजात अशी एक नवी कोरी नळी खिळ्याला टांगलेली होती. कोणी तिला सापाची कात म्हणे, कोणी हार्मोनियमचा भाता. ती कधीच विकली गेली नाही. गॅरेज आवरताना मी ती भंगारात दिली. भंगारवाल्याने ती वजनातही धरली नाही, वर म्हणून घेतली. सोमवारी सकाळी मला तिची आठवण झाली, एवढेच लिहितो.

बारामतीतल्या जुन्या ओळखीच्या स्पेअरवाल्याला फोन केला. तो आधी हसला. मग म्हणाला की, पुण्याहून मागवतो, बुधवारी-गुरुवारी मिळेल. आम्हाला मंगळवारी पहाटे हवी होती.

मी युनूसभाईंना विचारले की, तुमच्या गाडीची नळी काढली, तेव्हा ती मेस्त्रीने तुमच्या हाती दिली असेल. ती कोठे आहे?

त्यांनी मागच्या पडवीकडे पाहिले. तेथे रशिदाबींची स्वयंपाकाची, विटांनी बांधलेली भट्टी होती. भट्टीच्या बाजूला विजेचा छोटा पंखा ठेवलेला होता आणि पंख्यापासून भट्टीच्या तोंडापर्यंत वारा नेणारी, काजळीने काळी झालेली, वळ्यावळ्यांची नळी ती हीच होती.

"गाडीला नगं म्हनला मेस्त्री," युनूसभाई म्हणाले. "भट्टीला बरूबर बसली."

मी नळीला हात लावला. रशिदाबी पुढे आल्या.

"तिला न्हाय हात लावायचा, आबा."

मी कारण सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "गाडी बंद पडली तर उशीर व्हतो. भट्टी बंद पडली तर न्यायलाच काय न्हाय. आदी काय करू?"

या युक्तिवादात मला दोष काढता आला नाही. युनूसभाई मध्ये पडले आणि म्हणाले की, गाडी तुझ्या भावाची, नळी तुझ्या भावाच्या गाडीची, तेव्हा हा वाद माहेरचा आहे. रशिदाबी म्हणाल्या की, भावाने गाडी दिली तेव्हा ती नळीसकट होती आणि ती सांभाळायला दिली होती. युनूसभाई अंगणात जाऊन गाडीची काच पुसू लागले.

मी गोडेतेलाचा एक रिकामा डबा मागितला. त्याचा पत्रा कापला, ठोकून सपाट केला, गोल वळवला, कडा एकमेकींत अडकवून दाबल्या आणि भट्टीसाठी नळी तयार केली. गॅरेजात मला कोणी असे काम सांगितले असते, तर मी पत्र्याच्या डबेवाल्याकडे पाठवले असते. रशिदाबींनी ती बसवून पंखा लावला. त्यांनी जाळाकडे पाहिले नाही, आवाज ऐकला.

"फडफडतीय. वारा कुठंतरी बाहीर जातोय."

त्यांचे बरोबर होते. एक कड नीट बसली नव्हती. मी दुसरा डबा मागितला. या वेळी कडा दुहेरी दुमडल्या. पंखा लावला. त्यांनी जाळाजवळ हात नेला, मागे घेतला, चहाचे पातेले ठेवले आणि उकळी यायला किती वेळ लागतो, ते उभ्याने पाहिले. माझ्या साऱ्या आयुष्यात एवढे काटेकोर गिऱ्हाईक मला दुसरे भेटले नाही. चहा उकळल्यावर त्या म्हणाल्या, "न्या तुमची नळी."

नळी उलटी धरून आपटली. तिच्यातून राख पडली, कोळशाची भुकटी पडली आणि मोहरीचे दोन दाणे पडले. साबणाच्या पाण्याने दोनदा धुतली आणि उन्हात वाळवली. भट्टीकडचे टोक जळून ठिसूळ झाले होते, ते कापावे लागले. कापल्यावर नळी वीतभर अपुरी पडली. स्वयंपाकघरात चहा पावडरचा एक उंच गोल डबा होता. त्याची दोन्ही बुडे काढली, कडा कानशीने घासल्या आणि तो नळीला जोडला. माप जमले. खाली टोपणाच्या तोंडावर डबा, त्यावर नळी, वर एअर क्लीनर. तिन्ही सांधे तार घालून बरोबर आणलेल्या पकडीने आवळले. इंजिनाच्या खोलीत चहाच्या जाहिरातीतली बाई हसत होती. युनूसभाईंनी विचारले की, ती बाजू आत वळवायची का? मी म्हणालो, तिला तेथे उकाड्याखेरीज काही त्रास नाही.

झडपेचा दांडा हिवाळ्यावर घेतला आणि गाडी चालू केली. थोड्या वेळाने नळी वरून सोडवली आणि तिच्या तोंडाशी हात धरला. हवा गरम येत होती. मी युनूसभाईंना हात धरायला सांगितले. ते म्हणाले, "आबा, गाडी तर दुपारची कवाबी चालती. ही चालली म्हून काय कळनार?"

प्रश्न योग्य होता. या दुरुस्तीची परीक्षा उद्या पहाटे, धुक्यात, फाट्यावरच होणार होती, आणि त्या परीक्षेत नापास झाल्यास कंत्राट जाणार होते. त्यांनी मला खात्री विचारली. मी सांगितले की, खात्री उद्या सातला मिळेल. माझे म्हणणे चूक असेल, तर तेही तेव्हाच कळेल.

तेवढ्यात रशिदाबी आल्या. त्यांनी न विचारता नळीच्या तोंडाशी हात धरला. तो बराच वेळ तेथे ठेवला. मग मला म्हणाल्या, "तवा नीट तापला न्हाय की भाकरी धरती. तसंच हाय न्हवं ह्ये?"

"जवळजवळ तसेच."

"मग चालंल," त्या म्हणाल्या आणि उद्याचा रवा चाळायला निघून गेल्या. युनूसभाईंना माझ्या खात्रीपेक्षा ही खात्री अधिक पटली. मलाही थोडे बरे वाटले. नळी मी पुन्हा जागेवर बसवून तार आवळली.

मंगळवारी काय झाले, ते येथेच सांगून टाकतो. पहाटे धुके आदल्या दिवसापेक्षा दाट होते. मी जळोचीला घरी होतो आणि फोनजवळ बसलो होतो, हे खरे आहे. पावणेसातला फोन वाजला. युनूसभाई नव्हते. आवाज अनोळखी होता. त्याने आपण युनूसभाईंचा मेहुणा असल्याचे सांगितले. भाऊजी रविवारी म्हणाले होते की, जळोचीचे आबा गाडी बघणार आहेत, म्हणून त्यांच्याकडून नंबर घेऊन ठेवला होता, असे म्हणाला आणि मग काळजीने विचारले, "आबा, सव्वासहापास्नं उठून बसलोय. काल न्हाय, आज बी न्हाय, भाऊजींचा फोनच न्हाय. घरात समदं बरं हाय न्हवं?"

मी त्याला सांगितले की, सर्व ठीक आहे आणि आता त्याने उशिरापर्यंत झोपावे. त्याला याचा आनंद झाला, असे वाटले नाही. कंत्राट आजही रशिदाबींकडे आहे. युनूसभाई आता मेहुण्याला दर जुम्म्याच्या नमाजानंतर फोन करतात. गाडीशी त्याचा संबंध नाही, असे ते सांगतात.

सोमवारी मात्र यांतले काहीच ठाऊक नव्हते. ऊन कलले होते आणि मला बारामतीची एसटी पकडायची होती. एक काम राहिले होते. युनूसभाईंना हाताला येईल तो दांडा हलवून पाहण्याची सवय आहे, हे दिवसभरात माझ्या लक्षात आले होते. झडपेचा दांडा त्यांनी दोनदा उन्हाळ्यावर नेऊन ठेवला होता आणि दोन्ही वेळा, उगाच बघत होतो, असे म्हणाले होते. मी तो पुन्हा हिवाळ्यावर आणला, तारेचे दोन वेढे देऊन जागेवर बांधला, पीळ दिला, टोक कापून आत वळवले. होळीनंतर ही तार सोडून दांडा तिकडे करायचा, तोवर कोणी हात लावायचा नाही, असे रशिदाबींना सांगितले. त्यांनी विचारले, "सोडायची कशानं?" मी पक्कड पुसली आणि त्यांच्या हातात दिली.